तांदळाच्या डब्यातील बाटली

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): पुण्यात राहणाऱ्या ३६ वर्षांच्या पत्रलेखिका आणि त्यांची जोडीदार गेली आठ वर्षे एकत्र राहतात. सोसायटीच्या लेखी त्या ‘रूममेट’ आहेत, ऑफिसच्या लेखी ‘मैत्रिणी’, आणि ज्या सात-आठ मित्रमैत्रिणींना खरे माहीत आहे त्यांच्या लेखी आदर्श जोडपे. जोडीदाराचे पिणे पूर्वी शनिवारपुरते होते. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली, ‘एकटीच ये’ असा माहेरचा निरोप आला, आणि तेव्हापासून पिणे रोजचे झाले. आता रोज संध्याकाळी एक क्वार्टर लागते, सुट्टीच्या दिवशी दुपारपासूनच सुरुवात होते आणि सकाळी हात थरथरतात. तिच्या ऑफिसला ‘ताप आहे’ असा फोन पत्रलेखिकाच करतात. मागच्या महिन्यात तांदळाच्या डब्यात बाटली सापडली, तेव्हा त्यांनी तांदूळ सारखे करून झाकण लावून टाकले. दोघी एका समुपदेशकाकडे गेल्या होत्या. ‘अशा नात्यात समाधान नसते, म्हणून माणूस पितो’ असे ऐकून उठून आल्या. त्या रात्री जोडीदाराने ‘पुन्हा कोणाकडे नेलेस तर बघ’ असे म्हणत पेला भिंतीवर फेकला. पत्रलेखिकांचे प्रश्न असे: आधी नाते सावरावे की आधी दारू सोडवावी? कोणाला सांगितले तर त्या समुपदेशकाचेच म्हणणे खरे ठरणार नाही का? आपण निघून गेलो तर तिला दुसरे कोण आहे? आणि ताजा कलम: ती बाटली ओतून टाकावी का?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती त्या डब्यापाशी. बाटली सापडली यापेक्षा तुम्ही तांदूळ पुन्हा सारखे केलेत, याने मला अधिक विचारात पाडले. आई-वडील येणार म्हटल्यावर दुसरी गादी बाहेरच्या खोलीत घालणे, भिंतीवरचा फोटो उतरवणे, सोसायटीच्या सभेत एकीनेच जाणे, ही कामे आठ वर्षे केलेल्या हाताला लपवण्याची सवय लागते आणि त्यात चूक काहीच नाही, कारण त्या सवयीनेच तुमचे घर टिकवले. मात्र आता तोच सराव बाटलीच्या उपयोगी पडू लागला आहे. तुमच्या घरात दोन गुपिते आहेत. पहिले तुमच्या नात्याचे. ते कोणाला, कधी आणि किती सांगायचे हा सर्वस्वी तुम्हा दोघींचा अधिकार आहे. दुसरे एका आजाराचे आहे आणि ते जितके झाकाल तितके वाढते. ही दोन्ही एकाच गाठोड्यात बांधली गेल्यामुळे एक सोडायला गेले की दुसरे उघडे पडेल, अशी भीती तुम्हाला वाटते. ती गाठ सोडवता येते, असे मला वाटते, आणि पुढचे बहुतेक लिहिणे त्याविषयीच आहे.

त्या समुपदेशकांविषयी आधी बोलून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली, भारतातील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये तो आजार नसल्याचे जाहीरपणे सांगितले, आणि लैंगिक कल ‘बदलण्याचे’ उपचार करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे दहा मिनिटांत त्यांनी जे निदान केले ते त्यांचे वैयक्तिक मत होते आणि त्याची फी घेण्याचा त्यांना अधिकार नव्हता. मला चिंता वाटते ती वेगळीच. तुम्ही उठून आलात खऱ्या, पण त्यांचे अर्धे म्हणणे सोबत घरी घेऊन आलात. ‘कोणाला सांगितले तर तेच खरे ठरेल’ हे वाक्य तिथूनच आले आहे. महाराष्ट्रात दारूपायी मोडकळीला आलेले नवरा-बायकोचे संसार प्रत्येक आळीत आहेत, पण म्हणून विवाहसंस्थेमुळे माणसे पितात असा निष्कर्ष आजवर कोणी काढलेला नाही. तुमच्या घराला वेगळा नियम का लावायचा?

याचा अर्थ तुमच्या परिस्थितीचा पिण्याशी काही संबंधच नाही, असा मात्र नाही. सतत सावध राहावे लागणे, घरच्यांनी दूर लोटणे, दुःखाच्या वेळी शेजारी उभे राहण्याचीही मुभा नसणे यांचा साचत जाणारा ताण माणसाचे आरोग्य पोखरतो, हे इलान मायर या अमेरिकी संशोधकाने २००३ मध्ये सविस्तर मांडले आणि ते आता सर्वमान्य आहे. आईच्या अंत्यसंस्काराला एकटीने जाऊन एकटीने परत आलेल्या बाईने त्या रात्री पेला भरला, तर त्यात न समजण्यासारखे काय आहे? पण सगळा दोष समाजावर टाकून थांबलो, तर समाज सुधारेपर्यंत उपचारही थांबतात, आणि यकृताला तेवढा धीर नसतो.

आता तुमचा पहिला प्रश्न. ‘आधी नाते की आधी दारू’ यामागे एक समज आहे: मुळाशी दुःख आहे, ते बरे झाले की पिणे आपोआप सुटेल. सुरुवातीच्या काळात हे थोडेफार खरे असू शकते. मात्र ज्या दिवशी सकाळी हात थरथरू लागतात, त्या दिवसापासून पिणे त्या दुःखावर अवलंबून राहत नाही. शरीरालाच दारूची सवय लागलेली असते. म्हणून सर्वांत आधी डॉक्टर, शक्यतो मानसोपचारतज्ज्ञ, आणि मग बाकी सगळे. रोज पिणाऱ्या व्यक्तीने एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या दिवसापासून थरथर, घाम आणि निद्रानाश सुरू होऊ शकतो, साधारण पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भास व तीव्र अस्वस्थता अशी अवस्था उद्भवू शकते, जी उपचारांअभावी जीवावर बेतते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन हाच काळ सुरक्षितपणे पार पाडता येतो. दाखल व्हावे लागेल की घरी राहून भागेल, हे डॉक्टर तपासूनच ठरवतील. तेव्हा ‘उद्यापासून बंद’ अशी शपथ तिने घेऊ नये आणि तुम्हीही घालू नये.

इथे एक सावधगिरीची सूचना, कारण असे पत्र पाठवणाऱ्या अनेकांनी हा प्रयोग आधीच करून पाहिलेला असतो. एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात. त्या पुड्यांमध्ये काय आहे हे विकणाऱ्याखेरीज कोणाला ठाऊक नसते. काही वेळा ते डायसल्फिराम असते, ज्यावर दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छातीत धडधडते आणि रक्तदाब घसरतो. डॉक्टरांनी तपासून आणि रुग्णाने समजून-उमजून घेतले तर ते उपयोगी औषध आहे. आमटीत कालवून दिले तर तो विषप्रयोगच म्हणावा लागेल, आणि वर घरातला विश्वासही जातो.

शरीर सावरू लागले की नात्याने थांबून राहण्याचे कारण नाही. उलट दोन्ही कामे हातात हात घालून करावीत यासाठीच जोडप्यांच्या उपचारांची एक ठरावीक पद्धत आहे. अमेरिकेत टिमथी ओफॅरल या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विकसित केली. साधारण १२ ते २० साप्ताहिक सत्रे होतात, आणि त्यांत बालपणापासूनच्या जखमा उकरण्यापेक्षा रोजच्या वागण्याकडे अधिक लक्ष दिले जाते. तिचा गाभा म्हणजे दोघांनी रोज ठरलेल्या वेळी म्हणायची दोन वाक्ये. ऐकायला ती शाळेतील प्रतिज्ञेसारखी वाटतात, म्हणून तुमच्या स्वयंपाकघरात ती कशी दिसतील ते सांगते.

सकाळचे सात वाजले आहेत, चहा ओट्यावर आहे. तुमची जोडीदार म्हणते, “गेल्या चोवीस तासांत मी प्यायले नाही, आणि पुढचे चोवीस तास पिणार नाही असे मी ठरवले आहे.” डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती त्याच वेळी, तुमच्यासमोर घेते. मूळ पद्धतीत जोडीदाराने यावर आभार मानायचे असतात. आपल्याकडे घरातल्या माणसाचे आभार मानण्याची रीत नाही आणि ते कृत्रिम वाटते, त्यामुळे “ऐकून बरे वाटले” एवढे पुरे. मग कालनिर्णयवरच्या त्या तारखेवर एक खूण करायची आणि विषय तिथेच संपवायचा. यातला शेवटचा भाग सर्वांत अवघड आहे, आणि तो तुमच्या वाट्याचा आहे: मागे काय काय झाले याचा हिशेब किंवा ‘पुन्हा प्यायलीस तर’ ही धास्ती, यांपैकी काहीही सत्राबाहेर काढायचे नाही. तोंड हुंगायचे नाही, पर्स तपासायची नाही, डबे उघडायचे नाहीत. ती पहाऱ्यातून सुटते आणि तुम्ही पहारेकरीपणातून. एखाद्या दिवशी ती प्यायली, तर त्या तारखेवर खूण होत नाही आणि त्याविषयीचे बोलणे पुढच्या सत्रात होते, रात्री अकरा वाजता बाल्कनीत नाही.

याच्या जोडीला आणखी काही लहान अभ्यास दिले जातात. जोडीदाराने दिवसभरात केलेली एखादी चांगली गोष्ट हेरून ती बोलून दाखवायची. आठवड्यातून एकदा दारूशिवायचे काहीतरी दोघींनी मिळून करायचे. ‘तू नेहमी’ने सुरू होणारी वाक्ये ‘मला तेव्हा’ने सुरू करायची. हे अभ्यास सोपे दिसतात म्हणून लोक ते उरकतात. रोजच्या तपासणीने आणि थापांनी ज्या नात्यात दुसरे काही बोलण्यासारखे उरलेले नसते, तिथे ‘आज तू कढी छान केलीस’ हे वाक्य म्हणायला सुद्धा तीन आठवडे लागलेले मी पाहिले आहेत.

ही पद्धत मुख्यतः विवाहित स्त्री-पुरुषांच्या जोडप्यांवर पारखली गेली आहे, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. चहाच्या वेळच्या त्या दोन वाक्यांना लग्नाचा दाखला लागत नाही, पण तुमच्या बाबतीत उपचारकाने काही प्रश्न मुद्दाम विचारायला हवेत. नवऱ्याच्या पिण्याविषयी बायको निदान बहिणीशी बोलते. तुम्ही कोणाशी बोलता? शनिवारी तुमच्याच घरी सगळ्यांचे जमणे होते आणि तिथे बाटली मध्ये ठेवलेली असते, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. ज्यांना बाहेर मोकळेपणाने भेटायला जागा नाही अशा तरुण मुलामुलींना तुमचे घर माहेरासारखे आहे, हे मी समजू शकते. ते बंद करू नका. पण काही महिने त्या घरी चहा, भजी आणि पत्ते एवढेच असेल, असे सांगता येईल का? त्यावर कोण येणे थांबवतो, हेही कळेल. आणि तुमच्या पत्रात नसलेला एक प्रश्न मलाच विचारावा लागतो: त्या शनिवारी तुम्ही स्वतः किती पिता? दोष देण्यासाठी विचारत नाही. घरात एकीची बाटली उघडी असताना दुसरीने सोडणे फार अवघड जाते, म्हणून विचारते आहे.

पेल्याविषयी. तो भिंतीवर फेकला होता की तुमच्या दिशेने, आणि ते एकदाच घडले का, याचे उत्तर तुम्ही स्वतःला प्रामाणिकपणे द्या. दोन बायकांच्या घरात मारहाण कसली, असा एक गैरसमज आहे आणि त्यात त्या घरातल्या बायकाही सामील असतात. तुम्हाला तिची भीती वाटत असेल, तर एकत्र सत्रे इतक्यात सुरू करू नयेत, कारण सत्रात खरे बोलल्याची किंमत घरी मोजावी लागते. आधी प्रत्येकीने वेगळे भेटावे, आणि एका रात्रीपुरते जाता येईल असे एक घर व त्या घरातल्या माणसाचा होकार तुमच्याजवळ असावा.

कोणाकडे जावे? व्यसनावरचे उपचार आणि समलिंगी जोडप्यांची समज या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत सापडल्या तर उत्तमच, पण त्यासाठी अडून बसू नका. दोन वेगळी माणसे चालतील, दोघांना एकमेकांशी बोलण्याची परवानगी मात्र लेखी द्या. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे. तेथे व्यसनी पुरुषांच्या पत्नींचा एक गट ‘सहचरी’ या नावाने चालतो. त्या शब्दात लग्न कुठेच नाही, तेव्हा फोन करून ‘माझी जोडीदार स्त्री आहे, मला येता येईल का’ असे सरळ विचारून पाहा. अल-अनॉन या गटाला तर तेवढेही विचारावे लागत नाही, कारण नातेवाईक किंवा मित्र यांच्या दारूचा त्रास ही तिथे येण्याची एकमेव अट आहे, आडनाव सांगायचे नाही आणि नाते कोणते हे कोणी विचारत नाही. समुपदेशकाच्या शोधासाठी समलिंगी आणि ट्रान्स व्यक्तींसाठी काम करणाऱ्या मुंबईच्या हमसफर ट्रस्टशी बोलता येईल. मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह ही संस्था क्वीअर (म्हणजे समलिंगी, ट्रान्स इत्यादी) व्यक्तींबरोबर काम करण्याचे प्रशिक्षण समुपदेशकांना देते, ते घेतलेल्यांची चौकशी करा. पुण्याबाहेरच्या, विशेषतः लहान गावांतल्या वाचकांनी १४४१६ हा ‘टेली मानस’चा सरकारी क्रमांक जवळ ठेवावा, त्यावर मराठीतून बोलता येते.

वेळ ठरवण्यापूर्वी फोनवरच सांगा: “आम्ही दोघी जोडपे आहोत आणि एकीला दारूचा त्रास आहे. अशा जोडप्यांबरोबर तुम्ही काम केले आहे का? सत्राला एखादी पिऊन आली तर काय करता? एकटीने सांगितलेली गोष्ट दुसरीपासून गुप्त ठेवता का?” पलीकडची व्यक्ती ‘जोडपे’ या शब्दावर अडखळली आणि पुढे नीट बोलली, तर जायला हरकत नाही. लग्नाचा सल्ला निघाला तर फोन ठेवा, पाचशे-हजार रुपये वाचले.

यानंतरची गोष्ट कागदाची आहे आणि ती मला सर्वांत निकडीची वाटते. दवाखान्याच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ असा एक रकाना असतो. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुमच्या नात्यावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला, परंतु ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाची मान्यता मात्र दिली नाही. त्यामुळे त्या रकान्यात तुम्ही काहीही लिहिलेत तरी ऐनवेळी तिचा भाऊ तुमच्या पुढे उभा राहू शकतो. यावर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात एक सोय आहे, जी फारच थोड्यांना ठाऊक असते. दारूच्या व्यसनाशी संबंधित मानसिक अवस्था त्या कायद्याच्या व्याख्येत येतात, आणि कलम १४ नुसार कोणतीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने, आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमू शकते. तो रक्ताचा नातेवाईक असण्याची अट नाही. असा कागद नसेल तर नातेवाइकाचा क्रम काळजीवाहू व्यक्तीच्या आधी लागतो. तेव्हा एखाद्या सकाळी, ती पूर्ण शुद्धीवर असताना, तिने तुमचे नाव लिहून सही करावी आणि तुम्ही लेखी संमती द्यावी. तुमच्यासाठीही असाच एक कागद तिच्या नावे करा, म्हणजे रुग्ण एकटी तीच आहे असे तिला वाटणार नाही. त्याच कायद्याचे कलम १८ लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करण्यास मनाई करते, हे फोनवर बोलताना लक्षात असू द्या. आणि तिची तयारी असेल तर ती स्वतःच्या सहीने दाखल होऊ शकते. माहेरच्या कोणाची परवानगी लागत नाही.

तिची तयारीच नसेल तर? बहुतेक पत्रे इथेच येऊन थांबतात. पण जोडीदार नकार देत असताना एकटीने सुरू करता येण्यासारखेही बरेच आहे, आणि तिच्या वागण्यात बदल व्हायला बऱ्याचदा तिथूनच सुरुवात होते. न प्यायलेल्या संध्याकाळी तुम्ही तिच्याजवळ बसा, आवडीचे करा, गप्पा मारा. प्यायलेल्या संध्याकाळी भांडू नका, जेवण झाकून ठेवा आणि आपल्या खोलीत जा. सकाळी ऑफिसचा फोन वाजला की तो तिच्या हातात द्या. ‘ताप आहे’ असे तुम्ही सांगितल्यावर ऑफिसमधला परिणाम तुमच्या अंगावर येतो आणि तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. उपचारांचा विषय काढायचा तर ती शुद्धीवर असताना, थोडक्यात, स्वतःविषयी बोला: “मला रात्री झोप लागत नाही. मी गुरुवारी डॉक्टरांकडे जाणार आहे. तू आलीस तर बरे वाटेल.” आणि ती आली नाही तरी गुरुवारी जा.

‘मी गेले तर तिला दुसरे कोण आहे’ या प्रश्नाचे उत्तर मी तुमच्या वतीने देणार नाही. राहायचे की नाही हे ठरवण्याआधी तिच्याभोवतीची माणसे एकवरून तीनवर नेण्याचा प्रयत्न करा, एवढेच सुचवते. ज्यांना तुमचे नाते माहीत आहे अशा शनिवारच्या मंडळींपैकी दोघांना बाटलीचेही सांगा. तिथे पहिले गुपित उघडे पडण्याचा प्रश्नच नाही, ते आधीच उघडे आहे. फक्त ‘आदर्श जोडपे’ ही पदवी परत करावी लागेल. त्या दोघांना सांगणार आहात हे तिला आधी सांगा, तिच्या मागे नको.

राहिली ती बाटली. ओतू नका. सकाळी हात थरथरणाऱ्या माणसाची दारू एकाएकी बंद झाली तर काय होऊ शकते ते वर लिहिलेच आहे, आणि शिवाय ओतलेल्या बाटलीच्या जागी दुसरी येते, अधिक अवघड ठिकाणी. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत ती आहे तिथे असू द्या. तांदूळ मात्र दुसऱ्या डब्यात काढून घ्या, आणि बाटलीसह तो डबा झाकण न लावता ओट्यावर तसाच राहू द्या. तिने विचारले, तर सापडली होती म्हणून सांगा.